धागा : रेकॉर्ड रूमची भिंत 'चार तासांची'च का? अभिलेख कक्षांच्या अग्निसुरक्षा मानकांचा इतिहास

दप्तरदार_पुणे

अभिलेख कक्षाच्या बांधकामाचे किंवा दुरुस्तीचे अंदाजपत्रक उघडले की एक वाक्य हमखास सापडते : 'चार तास अग्निरोधक भिंत, दोन तासांचे दार.' हे कुणी कधी ठरवले? कागद जळायला चार तास लागतात म्हणून? अग्निशमन दल पोहोचायला चार तास लागतात म्हणून? आकड्यामागचे गणित कळले, तर जुन्या तहसील इमारतीतल्या खोलीला तो लागू करायचा की नाही हे ठरवता येईल. मानके जशी घडत गेली तशी क्रमाने मांडता आली तर फार बरे.

भिंतमापक

या आकड्यामागचे गणित वॉशिंग्टनमध्ये मांडले गेले. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये सायमन इंगबर्ग नावाचे अभियंता होते. त्यांनी १९२०च्या दशकात मुद्दाम बांधलेल्या इमारतींमध्ये लाकडी फर्निचर, कागदपत्रे, फायली ठेवून त्या पेटवून दिल्या. कुणीही विझवायचे नाही, सगळे आपोआप जळून संपेपर्यंत तापमान नोंदवत राहायचे. निष्कर्ष १९२८ साली प्रसिद्ध झाले.

भिंतीचा नमुना भट्टीत तापवून किती तास टिकतो ते पाहण्याच्या चाचणीचा प्रमाण तापमान-आलेख अमेरिकेत १९१८ पासूनच होता : ५ मिनिटांत ५३८ अंश सेल्सिअस, एका तासाला ९२७, चार तासांना १०९३. खऱ्या आगीच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ भट्टीच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाशी जुळवून इंगबर्ग यांनी 'ही आग म्हणजे भट्टीतले इतके तास' असे कोष्टक केले. जमिनीच्या दर चौरस मीटरला सुमारे ४९ किलो ज्वलनशील माल असेल तर एक तास. ९८ किलोला दोन तास, १४६ ला तीन. पुढे वेग वाढतो : १९५ किलोला साडेचार, २४४ ला सहा, २९३ ला साडेसात तास.

म्हणजे 'चार तास' हे बंब येण्याच्या वेळेचे माप नाही. आतला सगळा माल जळून संपला तरी भिंत उभी राहावी आणि शेजारची खोली वाचावी, एवढाच त्याचा अर्थ. खोलीच्या आत जे आहे ते गेले, हे त्यात गृहीतच धरलेले आहे.

कागदकाम

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. म्हणजे चार तासांची भिंत आतल्या कागदांसाठी नाहीच?

भिंतमापक

आग बाहेरून आली तर ती आतल्या कागदांसाठी आहे. आग आत लागली तर शेजाऱ्यांसाठी. 'स्ट्राँगरूम' आणि 'रेकॉर्ड रूम' यांतली गल्लत इथूनच सुरू होते.

सहाय्यक_अभियंता

इंगबर्गच्या कोष्टकात आपली खोली बसवून पाहू. फायलींनी भरलेल्या फळीचे वजन दर मीटर लांबीला साधारण ५० किलो धरतात. साध्या उभ्या रॅकमध्ये, मधल्या वाटा धरून, एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे पाच मीटर फळी बसते, म्हणजे २५० किलो. कोष्टकाप्रमाणे सहा तासांच्या वर. अमेरिकेच्या एनएफपीए २३२ या अभिलेख-संरक्षण मानकात चार तासांबरोबर सहा तासांच्या व्हॉल्टचाही (अग्निरोधक कोठीचाही) वर्ग का आहे, ते यावरून कळते.

आपल्या पद्धतीने, आयएस १६४१ (आयएस म्हणजे भारतीय मानक) प्रमाणे करा. कागदाचे उष्णतामूल्य किलोला ४००० किलोकॅलरी धरले तर २५० किलोचे दहा लाख किलोकॅलरी प्रति चौरस मीटर. आपल्याकडे २.७५ लाखांपर्यंत कमी अग्निभार (दर चौरस मीटरवरच्या मालातून निघणारी उष्णता), ५.५ लाखांपर्यंत मध्यम आणि ११ लाखांपर्यंत उच्च. साधी रॅक लावलेली रेकॉर्ड रूमच उच्च वर्गाच्या टोकाला पोचते. तिथे कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकवून एकमेकांना चिकटवायची रॅक) बसवला की फळी जवळपास दुप्पट होते आणि आकडा वर्गाबाहेर जातो. कॉम्पॅक्टर घेताना जमिनीची भारक्षमता सगळे तपासतात. अग्निभार पुन्हा मोजलेला क्वचितच दिसतो.

दुसरी बाब. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा असेल तर चार तास सहज देते, त्यामुळे भिंतीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा सुटलेलाच असतो. अडते ते स्लॅबवर. आयएस ४५६ प्रमाणे चार तासांसाठी १७० मिमी जाडी लागते आणि साध्या टेकूच्या स्लॅबला सळईवर ५५ मिमी कव्हर (काँक्रीटचा थर), सलग स्लॅबला ४५. नेहमीचा १२५ मिमीचा सलग स्लॅब २५ मिमी कव्हरवर दोन तासांचा असतो. भिंत चार तासांची आणि छत दोन तासांचे, तर खोली दोन तासांचीच.

मोडीलेखन

इंगबर्गच्या आधीचा काळही पाहायला हवा. तेव्हा तासांची भाषा नव्हती, पण विचार पक्का होता.

१६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनचा वेस्टमिन्स्टर राजवाडा, म्हणजे संसदेची इमारत, जळाला. हिशेबाच्या जुन्या लाकडी खाचकाठ्या भट्टीत जाळायला घातल्या होत्या, त्यातून आग लागली. कॉमन्स सभागृहाची बहुतेक कागदपत्रे गेली. लॉर्ड्सची वाचली, कारण ती ज्युएल टॉवर या वेगळ्या उभ्या असलेल्या दगडी मनोऱ्यात होती. चार वर्षांनी, १८३८ मध्ये, पब्लिक रेकॉर्ड ऑफिसचा (सरकारी अभिलेखागाराचा) कायदा झाला. १८५१ मध्ये चान्सरी लेनला जेम्स पेनेथॉर्न यांच्या आराखड्याच्या इमारतीचे बांधकाम सुरू झाले : लहान लहान कोठड्या, लोखंडी दारे, लोखंडी तुळयांवर विटांच्या कमानी, फळ्यासुद्धा पाटीच्या दगडाच्या. कोठड्यांत दिवा नाही, शेगडी नाही. एका कोठडीतली आग त्याच कोठडीत संपावी, ही सगळी योजना. पुढे मानकांनी ज्याला कंपार्टमेंट म्हटले ते हेच.

डब्लिनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तिथल्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात वाचकांची व कर्मचाऱ्यांची इमारत वेगळी आणि दप्तराची वेगळी होती, मध्ये आगरोधक अंतर. ३० जून १९२२ ला आयर्लंडच्या यादवी युद्धात दप्तराची इमारत स्फोट आणि आगीत नष्ट झाली, शतकानुशतकांचे कागद गेले. मधल्या अंतरामुळे वाचकांची इमारत मात्र वाचली. योजनेने आपले काम केले, पण मौल्यवान माल सगळा एकाच बाजूला होता.

नोंदवही

त्याच्या आदल्याच वर्षी वॉशिंग्टनला घडलेलेही इथेच जोडतो. १० जानेवारी १९२१ ला वाणिज्य खात्याच्या इमारतीत तळघरात आग लागली. काही जुन्या जनगणनांचे दप्तर व्हॉल्टमध्ये होते, त्याला आगीने नाही, पण आत शिरलेल्या पाण्याने काही प्रमाणात धक्का दिला. १८९० च्या जनगणनेचे कागद व्हॉल्टच्या बाहेर उघड्या रॅकवर होते. सुमारे चतुर्थांश जळाले, उरलेल्यांतले अर्धे पाण्याने आणि धुराने खराब झाले. पुढे तेही नष्ट करण्यात आले, त्यामुळे ती जनगणना आज जवळपास नाहीच. स्वतंत्र राष्ट्रीय अभिलेखागाराची मागणी आधीपासून होती, या आगीने तिला जोर आला. कोनशिला १९३३ ला बसली, कायदा १९३४ ला झाला.

कपाटवाला

भिंतीच्या तासांबरोबर कपाटाचे तासही समजून घ्या, ते निराळे असतात. भिंतीच्या चाचणीत पलीकडचा पृष्ठभाग किती तापला ते मोजतात. कपाटाच्या चाचणीत आतल्या हवेचे तापमान. अमेरिकेच्या यूएल ७२ चाचणीत कागदासाठी मर्यादा ३५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे १७७ सेल्सिअस. फिती आणि मायक्रोफिल्मसाठी १५० फॅरेनहाइट, म्हणजे ६६ सेल्सिअस, शिवाय आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. फ्लॉपीसारख्या माध्यमांसाठी १२५, म्हणजे ५२ सेल्सिअस आणि ८० टक्के. आपल्याकडे फायलिंग कपाटांसाठी आयएस १४५६१ आणि अभिलेख कपाटांसाठी आयएस १४२०३ आहे.

आर्द्रतेची अट का? कपाटाच्या दोन पत्र्यांमधल्या भरावात पाणी बांधलेले असते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती उष्णता शोषते. कागदाला वाफ चालते, फितीला चालत नाही. म्हणून कागदाच्या फायर-कपाटात हार्ड डिस्क ठेवू नका. १७७ अंशांना कागद पिवळा पडून वाचेल, डिस्क वाचणार नाही.

आणखी एक. साधे गोदरेज म्हणून ओळखले जाते ते एकेरी पत्र्याचे कपाट म्हणजे फायर-कपाट नव्हे. ते थोडा वेळ ज्वाळा अडवते, उष्णता अडवत नाही.

जलरेषा

आता मुख्य वादाकडे येऊ : पाणी की वायू. अभिलेखागारांनी कित्येक दशके स्प्रिंकलरला (छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेला) नकार दिला. 'एक नळी गळली तरी दप्तर भिजेल' ही भीती. त्या नकाराची किंमत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळ ओव्हरलँड इथे मोजली गेली. लष्करी सेवेच्या फायलींचे ते केंद्र १९५६ मध्ये बांधलेले. सहाव्या मजल्यावर ना स्प्रिंकलर, ना मध्ये एकही अग्निभिंत. सुमारे २२२ मीटर लांब आणि ८६ मीटर रुंद मजला सलग एकच. १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. भूदलातून १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के. माजी सैनिकांची निवृत्तिवेतने आणि हक्क त्या कागदांवर उभे होते.

त्यानंतर मानकांचा प्रश्नच बदलला. भिंत किती तास टिकेल, याच्या जागी किती कागद गमावणे चालेल, हे विचारले जाऊ लागले. अमेरिकन संघराज्याच्या १९९९च्या नियमांनी ते आकड्यात लिहिले : एका आगीत जास्तीत जास्त ३०० घनफूट अभिलेख जावेत, म्हणजे साधारण ३०० खोकी. एका दालनात अडीच लाख घनफुटांपेक्षा जास्त साठा नको. ३०० घनफुटांची अट भिंतीने पाळता येत नाही. ती पाळायला आग आतच, लहान असताना, आपोआप विझायला हवी.

भिंतमापक

जलरेषा, सहमत. पण भिंत निकामी ठरली असे नको म्हणायला. तिथे मधल्या भिंती असत्या, तर सगळा मजला गेला नसता.

जलरेषा

निकामी नाही, अपुरी. दोन्ही हवेत.

पाण्याच्या भीतीचेही गणित करून टाकू. सगळे स्प्रिंकलर एकदम फुटतात हा सिनेमातला समज आहे. प्रत्येक हेड (फवाऱ्याचे तोंड) आपल्याच काचेच्या नळीने उघडते. के ८० (पाणी सोडण्याच्या क्षमतेचा आकडा) चे हेड एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर सोडते. अग्निशमन दलाचा एकच होज त्याच्या कित्येक पट पाणी मारतो, तेही इतक्या दाबाने की रॅकवरचे गठ्ठे उडतात. कागद दोन्हीकडे भिजतात, फरक आहे किती आणि कुठले भिजतात याचा.

हेड निवडताना नेहमीची लाल नळी ६८ अंशांची असते. विदर्भात पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात हवा ५० च्या पुढे जाते, तिथे ती लावू नका. जास्तीत जास्त हवेच्या तापमानापेक्षा सुमारे ३० अंश वरचे हेड घ्या, म्हणजे पिवळी ७९ किंवा हिरवी ९३. आणि हेडच्या खाली ४५० मिमी मोकळे ठेवा. रॅकच्या माथ्यावर गठ्ठे रचून छताला टेकवले की फवारा पसरतच नाही, आणि नेमकी हीच चूक सगळीकडे दिसते.

वायुवेध

वायूची बाजू मांडतो, तिच्या मर्यादेसह. कागदाची आग खोलवर जाते. गठ्ठ्याच्या आत ज्वाळा नसते, निखारा असतो. म्हणून अमेरिकन मानकाने कागदाच्या साठ्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ६५ टक्के ठरवले आणि ते किमान २० मिनिटे टिकवायला सांगितले. १० टक्क्यांच्या वर माणूस बेशुद्ध पडतो, म्हणजे त्या खोलीत माणूस असताना हा वायू सुटता कामा नये. भोंगा, सुटण्याआधीचा विलंब आणि बाहेरचे हाताने बंद करायचे कुलूप, हे तिन्ही सक्तीचे समजा.

हॅलॉन १३०१ हा आग विझवणारा वायू आला तेव्हा वाटले प्रश्न सुटला. ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४ला थांबले, आपल्यासारख्या विकसनशील देशांना २०१०ची मुदत होती. नंतर आलेला एफएम-२०० हा वायू सात-आठ टक्क्यांना ज्वाळा विझवतो, पण गठ्ठ्यातला निखारा दहा मिनिटांनी वायू विरला की पुन्हा फुलतो. शिवाय तो तीव्र हरितगृह वायू, म्हणून २०१६च्या किगाली कराराच्या कक्षेत आला. नायट्रोजन-आर्गॉनच्या मिश्रणात तो प्रश्न नाही, पण सिलिंडर खूप लागतात.

सगळ्या वायूंची एकच अट : खोली हवाबंद हवी. दाराला पंखा लावून दाबाची गळती-चाचणी केल्याशिवाय वायूची यंत्रणा स्वीकारू नका. जाळीच्या झरोक्यांच्या दगडी इमारतीत तिचा उपयोग नाही.

कागदकाम

हातातले अग्निशामक कुठले ठेवायचे?

वायुवेध

कागदासाठी ९ लिटरचे पाण्याचे, किंवा बारीक फवाऱ्याचे. विजेच्या पॅनेलपाशी कार्बन डायऑक्साइडचे. तेच कागदावर मारले तर सुटे कागद उडतात आणि निखारा तसाच राहतो. एबीसी पावडर आग विझवते, पण अमोनियम फॉस्फेटची पूड दमट हवेत कागद आणि धातू दोन्ही खाते. देखभालीसाठी आयएस २१९० पाहा.

नियमपुस्तक

भारताची बाजू थोडक्यात. ग्रंथालये व अभिलेखागारांच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस ११४६० हे १९८५चे स्वतंत्र मानक आहे. अभिलेखागारांच्या इमारतीसाठी आयएस २६६३, दारांसाठी आयएस ३६१४, धूरशोधकांसाठी आयएस २१८९, स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५. या सगळ्यांवर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, भाग ४.

महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र परवानाधारक यंत्रणेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचे. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सरकारी कार्यालयही सुटत नाही. अभिलेखांसाठी केंद्राचा १९९३चा आणि महाराष्ट्राचा २००५चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम.

२१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग सगळ्यांना आठवते. चौथ्या मजल्यावर सुरू झाली, वरचे मजले घेतले, पाच जीव गेले. फायली टेबलांवर, वाटांत, कपाटांच्या माथ्यावर असतील तर कार्यालयच रेकॉर्ड रूम झालेले असते. अशा वेळी रेकॉर्ड रूमच्या मानकाचा आधार उरत नाही.

सहागठ्ठे

म्हणूनच सगळ्यात स्वस्त अग्निसुरक्षा अभिलेख वर्गीकरणात आहे. 'ड' वर्ग एक वर्षाचा, 'क-१' पाच, 'क' दहा, 'ब' तीस, 'अ' कायम. मुदत संपलेले 'ड' आणि 'क-१' वेळेवर नष्ट केले तर वरच्या हिशेबातले २५० किलो झपाट्याने उतरतात. त्यावर कसला निधी लागत नाही, आणि 'अ' वर्गाला मोकळी जागा मिळते.

तारतंत्री

आता आग लागते कुठून ते. वायरिंग आणि दार, या दोन ठिकाणी मानक हरते.

रेकॉर्ड रूमचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बाहेर हवा, शेजारी दिवा, आणि संध्याकाळी खोली बंद करताना मेन खाली. ट्यूब वाटेवर बसवा, गठ्ठ्यांच्या वर नको, कारण जुन्या चोकचा डांबरी भराव वितळून खाली गळतो. एक्स्टेंशन बोर्ड, किटली, उदबत्ती, मोबाइल चार्जर आत नको.

दार दोन तासांचे आणले, त्याला स्वयंबंद यंत्र लावले, आणि उकाडा म्हणून खाली लाकडी खुंटी ठोकली, तर ते दार शून्य तासांचे. उघडे ठेवायचेच असेल तर धूरशोधकाला जोडलेले चुंबक लावा, धूर आला की ते दार सोडते. चौकट आणि पल्ल्यातली, उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी रंगवताना खरवडली जाते, ती तपासा. केबल टाकताना भिंतीला पाडलेल्या भोकात पिवळा पीयू फोम भरलेला असतो, तो स्वतः जळतो. तिथे चाचणी झालेला अग्निरोधक भराव हवा, केबलच्या ट्रेसकट. आणि एसीच्या डक्टमध्ये डॅम्पर, म्हणजे आगीत बंद होणारी झडप.

धूरशोधक फोटोइलेक्ट्रिक घ्या. कागद आधी धुमसतो, त्याच्या जाड धुराला तो लवकर ओळखतो.

चित्रपेटी

विषयाच्या कडेचे, पण पुण्याचे आहे म्हणून. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तिजोरीत नायट्रेट फिल्म जळाल्या, प्रभातचे मूळ साठे गेले. नायट्रेटला कागदाचे मानक लावायचेच नाही. त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे वायूने तो गुदमरत नाही आणि पाण्याखालीही जळतो. त्याला लहान कप्पे, थंडावा आणि वायू बाहेर सोडणारी वाट हवी. संग्रहात जुनी रिळे असतील तर ती कागदाबरोबर एका खोलीत ठेवू नका.

मोडीलेखन

पाण्याची चर्चा झाली, पण भिजल्यावर काय करायचे तेही त्याच आराखड्यात हवे. ४८ तासांत बुरशी येते, आपल्या जुलैत त्याआधीच. सेंट लुईसला भिजलेल्या फायली दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कक्षात सुकवल्या, बुरशीवर थायमॉल मारले. आपल्याकडे त्या पातळीची सोय नसेल तर जवळच्या शीतगृहाशी आधीच लेखी बोलून ठेवा. उणे २० अंशांना गोठवले की घाई संपते, मग थोडे थोडे सुकवता येते.

पुण्याच्या पेशवे दप्तरासारखे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असतील तर आणखी काळजी. बोरूने लिहिलेली काजळाची शाई पाण्यात विरत नाही, पण तिचा गोंद मऊ पडतो, मग पान चोळले की अक्षर निघते. पाने ओली असताना उलगडायची नाहीत. रुमाल तसाच, बांधलेल्या कापडासकट, क्रेटमध्ये ठेवायचा. फळ्या कोंबून भरू नका. भिजलेला कागद फुगतो आणि रॅकच्या बाजू वाकवतो. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून १५० मिमी वर हवी.

दप्तरदार_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे समजतो : चार तास हा इंगबर्गच्या कोष्टकाच्या भाषेतला आकडा, भरलेल्या खोलीला तो प्रत्यक्षात कमीच, आणि तोही शेजारच्या खोलीसाठी. मग जुन्या तहसील इमारतीत, जिथे स्प्रिंकलरची टाकी लगेच शक्य नाही, तिथे आधी काय करायचे?

सहाय्यक_अभियंता

क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यात मेन स्विच बाहेर, रॅकच्या माथ्यावरचे गठ्ठे खाली, मुदत संपलेल्या 'ड' वर्गाचा निपटारा. नंतर फोटोइलेक्ट्रिक शोधक, आणि त्यांचा भोंगा रात्रीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत. मग दार आणि भिंतीतली भोके. खोली मोठी असेल तर मधोमध नऊ इंची भिंत घालून दोन भाग करा, पण त्याआधी खालच्या पायाचा हिशेब घ्या. 'अ' वर्गाचे कागद फायर-कपाटात, आणि त्यांची स्कॅन प्रत दुसऱ्या इमारतीत. स्प्रिंकलरची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात लिहा, आणि तेव्हा स्लॅबचे कव्हर मोजून घ्या.

तारतंत्री

किल्लीचे राहिले. रात्री भोंगा वाजला आणि किल्ली अभिलेखपालाच्या घरी असेल तर दार तोडण्यात वेळ जातो. दुसरी किल्ली काचेच्या पेटीत पहारेकऱ्याकडे, नोंदवहीसह.